परिक्रमेआधी पायांकडे बघा

नर्मदा परिक्रमेला, म्हणजे अख्ख्या नदीला पायी प्रदक्षिणा घालायला, निघालेल्या माणसाला घरून निरोप देताना चारजण हमखास म्हणतात, "काळजी करू नकोस, मैया करून घेते." माझाही तो विश्वास आहे. पण तयारी न करण्यासाठी कुणी हेच वाक्य पुढे केलं की मला राग येतो. तो का येतो, ते मध्य प्रदेशातल्या निमाडातल्या एका आश्रमाबद्दल लिहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने आम्ही पश्चिमेकडे चाललो होतो. आश्रम कसला, एका शेतकऱ्याची पडवीच ती. दारातूनच माताजींनी विचारलं, "कितनी मूर्ति हो, बाबाजी?" तिकडे परिक्रमावासीयांना 'मूर्ति' म्हणून मोजतात. दोन, म्हणालो आणि आसन लावलं, म्हणजे अंथरूण टाकलं. पलीकडच्या आसनावर महाराष्ट्रातलेच एक काका पडून होते, साठीच्या आसपासचे. उशाशी बूट, अजून दुकानातल्यासारखे ताठ. दोन्ही तळव्यांना फोड आलेले, आणि डाव्या टाचेचा फुटून खालचं लाल मांस दिसत होतं. कितीतरी दिवस ते तिथेच होते.

जेवणं झाल्यावर माताजी चुलीवरचं कोमट पाणी परातीत घेऊन आल्या. त्यात मीठ टाकलं, काकांचे पाय धरून आत ठेवले. मग जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्याने एकेका बोटाची बेचकी टिपून कोरडी केली. काका संकोचून म्हणत होते, "माताजी, रहने दो." त्या मान वर न करता म्हणाल्या, "मैया के मेहमान हो आप." त्यांचे यजमान त्याच वेळी बॅटरी घेऊन गव्हाला पाणी द्यायला निघाले होते, कारण वीज रात्रीच येते. पहाटे त्या धारा काढायला उठल्या, आमचा बालभोगाचा, म्हणजे सकाळच्या न्याहारीचा, चहा केला आणि परात पुन्हा काकांपुढे आणून ठेवली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी मनाला लागलंही. ही माणसं कुणालाही नाही म्हणत नाहीत. म्हणून तर आपण पाय घडवून यायला हवं.

नर्मदा 1312 किलोमीटर लांब आहे, म्हणजे दोन्ही तट मिळून 2600 किलोमीटरच्या वर चाल. त्यात इंदिरा सागर आणि सरदार सरोवर या धरणांच्या फुगवट्याखाली काठाची जुनी वाट बरीच बुडाली, त्यामुळे पुष्कळ चाल डांबरावरून होते. सिंहगड चढून दम आणि मांड्या तयार होतात, तळवे नाही. तळव्यांना हवं भर दहाच्या उन्हातलं डांबर, पाठीवर भरलेली सॅक आणि लागोपाठचे दिवस. रविवारी तीस किलोमीटर चालून आठवडाभर आराम करण्यापेक्षा चार दिवस सलग पंधरा चाललेलं बरं. चातुर्मासात परिक्रमा थांबते, कार्तिकी एकादशीनंतर लोक निघतात. मी ते पावसाळ्याचे महिने यातच घालवले. रात्री फरशीवर सतरंजी टाकून झोपायचो, जेवायला मांडी घालून बसायचो. गुडघ्यांना ही सवय आधीच लागलेली बरी, तिकडे खुर्ची क्वचितच मिळते.

बूट एक नंबर मोठे घ्या, कारण दिवसभराच्या चालीने पाय सुजतात. ते निदान दोनशे किलोमीटर घरीच वापरून मऊ करा. मोजे जाड सुती नकोत, ते घाम धरून ठेवतात, आणि ओली कातडी घासली की फोड येतोच. कुठे चुरचुरायला लागलं की पुढच्या गावाची वाट न बघता तिथेच बसून चिकटपट्टी लावायची. सॅक पाण्यासकट सात किलोच्या आत ठेवा. कमंडलू, दंड आणि नर्मदाजलाची कुपी नेणारच, बाकी प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचार करा. जाड ब्लँकेट मात्र काढू नका, अमरकंटकच्या बाजूला थंडी फार असते.

बडवानीजवळचा राजघाट, पुढचं शूलपाणीच्या झाडीचं जंगल आणि नदीच्या मुखाशी तट बदलताना घ्यावी लागणारी विमलेश्वरहून मिठीतलाईची बोट, यांवर पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन.

यंदा कुणी निघणार असाल तर कापूस, बँडेज आणि जंतुनाशक मलम स्वतःला लागेल त्याच्या दुप्पट घ्या. अर्धं अशा एखाद्या पडवीत ठेवून या. त्या माताजींच्या कोनाड्यात तेव्हा हळद सोडून काही नव्हतं.