मरणाचे भान आणि उगारलेला हात

कोल्हापुरात माणूस गेला की रक्षाविसर्जनाला सारी भावकी स्मशानभूमीत जमते, शेणींच्या राखेपुढे उभी राहून ‘सोबत काय न्यायचे आहे’ असे म्हणते, आणि बारावे उरकते न उरकते तोच बांधावरून तीच भावकी एकमेकांच्या अंगावर जाते. त्यामुळे मरणाची आठवण झाली की हिंसा आपोआप ओसरते, हे मला मान्य होत नाही.

१९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही न्यायाधीशांना आधी स्वतःच्या मृत्यूविषयी लिहायला लावले, तेव्हा त्यांनी एका काल्पनिक खटल्यात सरासरी ४५५ डॉलरचा जामीन ठरवला. इतरांनी ठरवलेली सरासरी होती ५० डॉलर. मरणाची भीती माणसाला कशी वागवते हे तपासणाऱ्या या विचारधारेतील काही प्रयोग पुढे फेरतपासणीत टिकले नाहीत, म्हणून आकड्यांवर मी भार देत नाही. त्यामागचा तर्क मात्र पटतो: मरणाची भीती चाटून गेली की माणूस आपल्यानंतर उरेल अशा गोष्टीला, म्हणजे जात, धर्म, राष्ट्र यांना, अधिकच घट्ट धरतो आणि तिचा अपमान त्याला जिवावर घातलेला घाव वाटतो. मोबाइलवरील आक्षेपार्ह ठरलेल्या स्टेटसवरून ७ जून २०२३ रोजी याच शहरात दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करावे लागले, ते मला या तर्काशिवाय नीट उलगडत नाही.

धम्मपद या बौद्ध ग्रंथाची सहावी गाथा सांगते की आपल्याला येथून जायचे आहे हे ज्यांना कळते, त्यांची भांडणे शमतात. येथे कळणे म्हणजे सराव. पाचव्या शतकातील बौद्ध भाष्यकार बुद्धघोषांनी मरणस्मृतीची साधना सांगताना आधी तिचे धोके मांडले आहेत: चुकीच्या रीतीने विचार केला तर प्रिय माणसाच्या मरणाने शोक होतो, शत्रूच्या मरणाने आनंद होतो, परक्याच्या मरणाने काहीच होत नाही, जसे प्रेते जाळणाऱ्याला होत नाही, आणि स्वतःच्या मरणाने भय वाटते. यातील शत्रूचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. भीतीची कबुली आपण देतो. तो आनंद मात्र लपवतो, आणि हात उगारण्याची तयारी तेथेच झालेली असते. म्हणून ‘सर्व प्राणिमात्र नश्वर आहेत’ असे मोघम म्हणून भागत नाही. ज्याच्याशी कोर्टात तारखा चालू आहेत, त्याचे नाव घेऊन हे चिंतन करावे लागते.