गॅस पास झाला का?

"सिस्टर, पेशंटला जेवायला कधी द्यायचं?" सर्जिकल वॉर्डात हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं. डबा हातात असतोच. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

पोटाचं ऑपरेशन झालं की आतडी काही काळ संपावर जातात. भूल, आतली हाताळणी आणि दुखणं थांबवायला दिलेली मॉर्फिनसारखी औषधं, तिन्हींचा हा परिणाम. लहान आतडं काही तासांत हलायला लागतं, जठर एक-दोन दिवसांत, मोठं आतडं सगळ्यात शेवटी, दोन-तीन दिवसांनी. गॅस पास झाला म्हणजे तेही हलायला लागलं; राउंडला डॉक्टर "गॅस पास झाला का?" विचारतात ते त्यासाठी. परवा एका आजोबांनी प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हटलं. उशाशी सून उभी होती. ती पाणी भरायला गेली तशी मला जवळ बोलावून म्हणाले, "अहो, पहाटेच झालंय!" तोवर बिचारे सलाइनवरच.

पूर्वी गॅस पास होईपर्यंत तोंडात थेंब नाही, असा शिरस्ता होता. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी 1990 च्या दशकात वेगळी पद्धत मांडली: अफूवर्गातली औषधं कमी, लवकर उठवून चालवायचं, लवकर थोडंथोडं खायला द्यायचं. आता पुष्कळ ऑपरेशनांनंतर चोवीस तासांच्या आत घोटघोट पाणी, मग पेज सुरू होते. आतड्याला जोड दिला असेल तर मात्र सर्जनचा शब्द शेवटचा.

आतडी लवकर हलावीत म्हणून पेशंटने च्युइंगगम चघळलं तर चालेल का, असंही कुणी विचारतं, तर हो, चालतं. चघळताना मेंदूला जेवण चाललंय असं वाटतं आणि व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून खाली निरोप जातो. फायदा बेताचाच, पण खर्चही नगण्य.

मला राग येतो तो पाहुण्यांचा. शहाळं, मोसंबीचा ज्यूस, दूध, सगळं एकापाठोपाठ एक! जठर भरतं, पुढे काही सरकत नाही, मग उलटी, आणि उलटीचा ताण टाक्यांवर. थोडी पेज, नंतर मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, एवढं पुरे. कोशिंबिरीची घाई नको.

घरी गेल्यावर वेदनाशामकांनी शौचाला खडा होतो. तेव्हा आपल्या मनाने एरंडेल पाजू नका, डॉक्टरांना विचारून औषध घ्या. पोट फुगून टणक झालं, हिरवी उलटी झाली किंवा ताप आला, तर सकाळची वाट न बघता निघा.