इन्व्हर्टर अपडेट: वीस मिनिटांचं भूत सापडलं

मागच्या वेळी घरच्या इन्व्हर्टरच्या नव्या बॅटरीबद्दल मी ‘पॅक बसला, आता पावसाळा निवांत’ असं लिहिलं होतं. ते शब्द परत घेतो. त्यानंतरचे पाच आठवडे या पॅकनं मला नुसतं नाचवलंय. शेवटी चोर सापडला, म्हणून आज लिहायला बसलोय.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: जुनी १५० एएचची ट्यूब्युलर (शिसं-आम्लाची) बॅटरी काढली आणि १०५ एएचचे चार एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल सिरीजमध्ये लावले. १०० अँपिअरचा बीएमएस (सेलची राखण करणारं सर्किट), इन्व्हर्टर तोच जुना ९०० व्हीएचा. बाकी सगळं आधीच्या पोस्टमध्ये आहे.

त्रास असा. लाईट गेली की इन्व्हर्टर लगेच उचलायचा. पंखे, दिवे, टीव्ही, सगळं झकास. मग साधारण वीस मिनिटांनी ‘लो बॅटरी’ची बोंब आणि अंधार. मीटर लावावा तर पॅक १३.२ व्होल्ट! म्हणजे सेल रिकामे नक्कीच नाहीत. रिसेट मारला की परत चालू. कधी तासभर काही नाही, कधी रिसेट मारल्या मारल्या पुन्हा बोंब.

वीस मिनिटं म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच: काहीतरी तापतंय. इथंच फसलो. आधी बीएमएसवर संशय. त्याचा तापमानाचा सेन्सर सेलपासून लांब नेला, छोटा पंखा लावला, शेवटी अडीच हजार घालून दुसरा बीएमएस मागवला. फरक शून्य. मग तिसऱ्या सेलवर आळ. चार्जिंगच्या शेवटी तो ३.५८ व्होल्टवर जायचा, बाकीचे तिघे ३.३८ च्या आसपास रेंगाळायचे. पॅक सोडला, चारही सेल पॅरलल जोडले आणि ३.६५ वर टॉप बॅलन्स करत ठेवले, म्हणजे चौघंही काठोकाठ सारखे भरायचे. बेंच सप्लाय दहा अँपिअरचा, त्यामुळे शनिवार-रविवार त्यातच गेला. आता टोकाला चौघांत २० मिलिव्होल्टचाही फरक नाही. बघून जीव सुखावतो, पण त्या बोंबेशी याचा काडीचा संबंध नव्हता.

मग शहाण्यासारखं वहीत वेळा लिहायला लागलो. लाईट गेल्यापासून १८ मिनिटं, २२, ७, ४१, १९. तापण्याचा दोष एवढा लहरी नसतो, हे वहीकडे बघूनही मला कळलं नाही. ते कळलं आईला. स्वयंपाकघरातनं ओरडली, “अरे, फ्रिज घुर्र करून उठला की तुझं मशीन बोंबलतंय बघ!”

फ्रिज! आमचा फ्रिज जुना, साध्या कॉम्प्रेसरचा. चालताना दीडशे वॅट खातो, पण उठताना अर्ध्या सेकंदापुरता त्याच्या कितीतरी पट खेचतो. लाईट जाते तेव्हा तो बहुतेक वेळा थंड होऊन गप्प असतो, पुन्हा सुरू व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेच माझं भूत.

पण मग १३.२ कसे दिसतात? कारण माझा पिवळा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचतो आणि मी बघायचो ते बोंब झाल्यावर. कुपवाड एमआयडीसीत नोकरीला असलेल्या मित्राकडनं मिन-मॅक्स (क्षणभरासाठीचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा) पकडणारा मीटर आणला. (हे बटण नसलेला मीटर या कामाला घेऊ नका. शंभर रुपये वाचवायच्या नादात मी हजारो घालवलेत.) फ्रिज उठताना पॅकच्या टोकांवर किमान १२.६ आणि इन्व्हर्टरच्या टोकांवर १०.२. इन्व्हर्टरची लो-कट १०.५ ला आहे, त्याखाली तो स्वतःच बंद होतो. म्हणजे पॅक ठणठणीत, आणि मधल्या वायरीत २.४ व्होल्ट गायब.

आता गंमत सुरू झाली. शंभर वॅटचे दोन पिवळे बल्ब आणि एक पंखा लावून लोड स्थिर केला. क्लॅम्प मीटरवर डीसी बाजूला २५ अँपिअर. मग मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवून एकेका जोडाच्या दोन्ही अंगांना प्रोब टेकवत गेलो. प्लसच्या थिंबलात (वायरीच्या टोकाला बसवतात तो धातूचा जोड) १८० मिलिव्होल्ट. फ्यूज होल्डरमध्ये १२०. मायनसला ४०, कारण वॉशर थिंबलाच्या वर घालायचा तो मी खाली, सेल आणि थिंबलाच्या मध्ये घातला होता. (हसा.) दोन्ही वायरी मिळून २१०. एकूण ५५० मिलिव्होल्ट, २५ अँपिअरनं भागलं की २२ मिलिओहम रोध. फ्रिज उठताना सगळं धरून ११० अँपिअरच्या आसपास जातात. गुणाकार केला, २.४ व्होल्ट! हिशेब असा चोख जुळला की रात्री साडेअकराला एकटाच टाळी वाजवली.

तरीही २१० खटकत होते. १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची तीन मीटर वायर, त्यात २५ अँपिअरला नव्वदच्या आत ड्रॉप (व्होल्टची घट) हवा. थिंबल कापलं, तारा मोकळ्या केल्या आणि ब्लेडनं एक तार खरवडली. आत पांढरी! अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, आणि जाडीही सांगितली त्यापेक्षा कमी. थिंबल मी हातोडीनं ठोकून बसवलं होतं. अॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, पकड सैल होते, वर ऑक्साईडचा थर चढतो. म्हणजे दुकानदारानं निम्मं फसवलं, उरलेलं माझं मीच. वायर ऑनलाईन मागवली होती. यापुढे वायर हातात घेऊन, वजन बघून, गावातल्या दुकानातनंच.

आधी ठरवलं, २५ स्क्वेअर एमएमची अस्सल तांब्याची तीन मीटर घ्यायची. पुढे-मागे सगळं २४ व्होल्टवर न्यायचं, म्हणजे करंट निम्मा. दुकानात वायर मोजून घेताना डोक्यात आलं, तीन मीटर कशाला? आम्ही सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा घरात शिरलेल्या पाण्यात आधीचा इन्व्हर्टर गेला. तेव्हापासून इन्व्हर्टर पाच फुटांवरच्या फळीवर आणि बॅटरी खाली, कारण पन्नास-पंचावन्न किलोचं धूड वर कोण चढवणार? नवा पॅक पेटीसकट ११ किलो. तरी मी तो इमानेइतबारे खालीच ठेवला होता!

पॅक फळीवर गेला. भिंतीत नवे अँगल ठोकले. वायर दोन्ही मिळून १.२ मीटर. त्याच मित्राच्या हायड्रॉलिक क्रिंपरनं थिंबलं दाबली. त्यातलं एक मुद्दाम कापून बघितलं, तारा एकजीव. फ्यूज होल्डर बदलला, वॉशर जागेवर. २५ अँपिअरला एकूण ड्रॉप ५० मिलिव्होल्ट. काल संध्याकाळी दोन तास दहा मिनिटं लाईट नव्हती. फ्रिज तीनदा उठला आणि इन्व्हर्टरच्या टोकांवर किमान १२.४.

२४ व्होल्टचा बेत तूर्त रद्द. उरलेल्या बीएमएसला चार छोटे सेल जोडून राउटरसाठी वेगळा पॅक करावा म्हणतोय. चार्जिंग १४.६ व्होल्टवर ठेवायचं की १४.२ वर, यावर तुमचं मत सांगा, मी १४.२ कडे झुकतोय, कारण वरचा तो जरासा भाग सोडला तर बॅकअपमध्ये फारसा फरक पडत नाही.

आज सकाळी जुनी वायर भंगारात द्यायला गेलो. भंगारवाल्यानं खरवडली नाही, काही नाही. हातावर एकदा तोलली आणि म्हणाला, “अॅल्युमिनियमचा भाव लावतो, साहेब.”