ग्रेट ब्लास्केट: बोट बेटावर उतरवणार का, हे आधी विचारा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील ग्रेट ब्लास्केट बेटाच्या नावाने तिकीट विकणारी प्रत्येक बोट तिथे उतरवत नाही, हे आम्हाला डिंगल गावाचे बंदर मागे पडल्यावर कळले. बेटावर राहिलेल्या आयरिश कथाकार पेग सायर्स यांच्या घरापर्यंत जाता येईल असे तिकीट देणाऱ्याने स्पष्ट सांगितले होते. प्रत्यक्षात सील आणि पक्षी दाखवून, गाव समुद्रातूनच पाहायला लावून बोट परत फिरली. ही सरळ फसवणूक आहे. पैसे देण्यापूर्वी ‘बेटावर उतरवणार का आणि किती वेळ थांबू देणार’ याचे उत्तर लेखी घ्या.

नंतर आम्ही बेटासमोरच्या किनाऱ्यावरील डनक्विन गावाहून गेलो. तिथला धक्का कड्याच्या तळाशी असून नागमोडी, तीव्र उताराची वाट खाली जाते; पण खरी कसोटी पलीकडे, जिथे मोठ्या बोटीतून लहान रबरी बोटीत आणि तिथून शेवाळलेल्या दगडांवर पाय टाकावा लागतो. लाट वर येते त्या क्षणी न कचरता पाऊल उचलावे लागते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हा हट्ट धरूच नये. १८९२ मध्ये लग्न होऊन पेग याच बेटावर आल्या तेव्हा लोकांची सगळी ये-जा हलक्या वल्ह्यांच्या होड्यांतून होती, हे तिथे उभे राहिल्यावर अंगावर येते.

बेटावर बहुतेक घरांच्या नुसत्या भिंती उरल्या आहेत, कारण १९५३ मध्ये उरलेल्या रहिवाशांना मुख्य भूमीवर हलवण्यात आले. म्हणून माझे ठाम मत असे, की आधी डनक्विनचे ब्लास्केट केंद्र, म्हणजे बेटावरच्या जीवनाची माहिती देणारे संग्रहालय, पाहावे. वडिलांकडून ऐकलेल्या कथा पेग यांना मुखोद्गत होत्या, पण आयरिश भाषा लिहिता येत नसल्याने १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मकथन त्यांनी मुलाला, मीहॉलला, सांगून लिहवले. १९४२ मध्ये त्या मुख्य भूमीवर परतल्या, आणि आयरिश लोकसाहित्य आयोगाचे संग्राहक शोसव ओ डाली यांनी त्यांच्याकडून शेकडो कथा टिपून घेतल्या. हे ठाऊक नसेल तर बेटावर दगडांपलीकडे काही दिसणार नाही, आणि एवढी मोठी कथाकार दुर्लक्षित राहील याचे मला मनापासून वाईट वाटते.

आयर्लंडला शेंगेन व्हिसा चालत नाही. पाणी आणि खाणे सोबत न्या. वारा वाढला की बोटी रद्द होतात, म्हणून डनक्विनजवळ एक दिवस राखून ठेवा. तो मोकळा गेलाच, तर तिथल्या दफनभूमीत पेग यांची समाधी आहे, तिथे जाऊन या.