आज तिथी काय?

आमच्या गुहागरच्या घरी सकाळी चहाबरोबर पहिला प्रश्न हाच, आज तिथी काय. उपासासाठी नाही हं, समुद्राच्या भरतीसाठी. आजीचा हिशोब सोप्पा, तिथीची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता भरती, म्हणजे चतुर्थीला ३, अष्टमीला ६, आणि रोज साधारण पाऊण तास पुढे. पौर्णिमा झाली की परत एकपासून मोजायचं. पाऊणकीचा पाढा मी शाळेच्या आधी तिच्याकडूनच शिकले, तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला खाडीवर कधी जायचं ते त्यावरच ठरायचं कारण सुकती, म्हणजे ओहोटी, लागल्याशिवाय काही मिळत नाही. चुलीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर, कडा धुराने पिवळ्या, आणि प्रत्येक तारखेखाली तिने पेन्सिलीने बारीक आकडा लिहिलेला.

मला वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच असतं. पुण्याला हॉस्टेलवर पहिल्याच रविवारी रूममेटला सहज विचारलं, आज तिथी काय गं, तर ती म्हणाली, कोणाचा उपास आहे का? खूप एकटं वाटलं तेव्हा. आजी गेली २ वर्षं झाली, तिचं शेवटचं कॅलेंडर माझ्याकडे आहे, आषाढापर्यंतच आकडे आहेत त्यात. पुढचे मी लिहिलेत, पेन्सिलीनेच.