चार व्होल्टची आग

टॅब दुरुस्तीला आला तेव्हाच त्याची स्क्रीन एका कडेने उचलली गेली होती. आत बॅटरी फुगली की असंच होतं. तिच्या पाऊचमध्ये, म्हणजे बाहेरच्या मऊ पिशवीत, वायू साचतो, पाऊच स्क्रीनला ढकलतो आणि गिऱ्हाईक सांगतं, "डिस्प्ले सैल झालाय, जरा चिकटवून द्या." या गिऱ्हाइकाने वर आमची सोयही पाहिली होती: तपासायला बरं पडावं म्हणून टॅब रात्रभर चार्जिंगला लावून आणला होता.

फुगलेली बॅटरी काढण्याआधी तिचा चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणायचा, हा आमच्याकडचा नियम. नव्या मुलाला तो पाठ होता, पण काम तुंबलं होतं आणि टॅब बंद पडलेला. बंद आहे म्हणजे बॅटरी रिकामी, असं त्याने धरलं. मागची बाजू गरम करून त्याने झाकण काढलं. बॅटरीखालचा गोंद सुटेना, तेव्हा प्लास्टिकची पट्टी बाजूला ठेवून लोखंडी पाती घातली.

मी शेजारच्या टेबलावर एका एसएमपीएसशी, म्हणजे मेनच्या विजेवर चालणाऱ्या पॉवर सप्लायशी, झटापट करत होतो. त्यातला वीज साठवणारा मेन कपॅसिटर डिस्चार्ज झालाय ना, हे मल्टिमीटरने पुन्हा पुन्हा बघत होतो. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाले, म्हणजे त्यांचा डीसी झाला, की तिथे ३२५च्या आसपास डीसी बसलेला असतो. तो झटका एकदा खाल्लेला कारागीर विसरत नाही. पण हिशेब मांडला तर १०० मायक्रोफॅरडच्या त्या कपॅसिटरमध्ये जेमतेम ५ ज्यूल ऊर्जा असते. टॅबच्या ३० वॅट-अवरच्या बॅटरीत १ लाख ८ हजार ज्यूल. वीस हजार पट! तरी आम्ही बिचकतो कपॅसिटरला, आणि बॅटरी चार व्होल्टची म्हणून तिच्यात बिनधास्त पाती खुपसतो.

आधी आवाज आला. कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ सुटते तसा, बारीक फुसफुसणारा. मग थिनरसारखा गोडसर वास आणि पांढरा धूर. मुलगा पाती हातात धरून तसाच उभा. "दादा, हे बघा ना..." एवढं म्हणेपर्यंत पाऊचच्या कडेतून ज्वाळेची तिरीप निघाली, आडवी, टेबलाच्या रोखाने.

दादा आमच्यातले सगळ्यात जुने. त्यांनी आगीला हातच लावला नाही. आधी उचलली ती आयपीएची उघडी वाटी. बोर्ड घासायला आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल वाटीत ओतून ठेवतो, ब्रश त्यातच बुडवलेला. त्याची वाफ १२ अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने टेबलावरून पसरत जाते. वाटी बाहेर गेली नसती तर नुसत्या टॅबवर भागलं नसतं. दुसऱ्या हाताने त्यांनी मुलाला मागे ओढलं आणि मला ओरडून सांगितलं, "मेन पाड!"

तोवर कुणीतरी आग विझवायचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर आणून मारला. ज्वाळा लगेच बसली. हुश्श करून दोघंतिघं वाकून बघायला लागले, आणि दादा जन्मात कधी ओरडले नसतील असे ओरडले, "लांब व्हा! दुसरा सेल बाकी आहे!" बॅटरीत दोन सेल शेजारी शेजारी होते. सीओटूने ज्वाळा मरते, पण सेल थंड होत नाही. आत सुरू झालेली प्रक्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते, आणि तीच शेजारच्या सेलला तापवते. मिनिटभरात तोही पेटला, पहिल्यापेक्षा जोरात.

लांब दांड्याच्या चिमट्याने दादांनी अख्खा टॅब उचलून वाळूच्या बादलीत टाकला, बादली दाराबाहेर नेली आणि वरून पाणी ओतलं, भरपूर. लिथियमवर पाणी घालू नये म्हणतात, ते लिथियम धातूबद्दल खरं आहे. लिथियम-आयनच्या सेलमध्ये धातूच्या रूपातलं लिथियम जवळपास नसतंच. तिथे पाण्यासारखं थंड करणारं दुसरं काही नाही. फक्त मेन आधी बंद हवं.

धुरामुळे दादांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. इलेक्ट्रोलाइटमधल्या (सेलमधल्या द्रवातल्या) क्षारातून हायड्रोजन फ्लोराइड वायू सुटतो, तो फुप्फुसाला चांगला नाही, हे दादांनी खोकत खोकतच समजावलं. मुलाचा हात बरा होता, भुवया जरा करपल्या होत्या. त्याला कुणी रागावलं नाही. माझ्या मते रागवायला हवं होतं, पण ते असो.

पावडरचा सिलिंडर कुणी मारला नाही हेही नशीब. ती पावडर दमट हवेत बोर्डांना गंज आणते. टेबलावर पडलेली बाकीची दुरुस्तीची कामंही गेली असती.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. झालेला प्रकार दादांनी न लपवता सांगितला. ते बराच वेळ बादलीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "याच्याबरोबर घेतलेला अजून एक आहे घरी. त्याचाही डिस्प्ले सैल झालाय. आत्ता चार्जिंगलाच लावून आलोय."

दादांनी त्यांना तिथेच घरी फोन लावायला सांगितला. प्लग भिंतीकडून बंद करा, टॅब दाबू नका, उशी-गादीवरून उचलून उघड्यावर फरशीवर ठेवा, जवळ कागद-कपडा नको, आणि इकडे आणायच्या आधी परत चार्ज करू नका.