ठिणगीचं काय एवढं

परवा दुपारी खिडकीखाली कुणीतरी लोखंडी गज कापत होतं. ग्राइंडरचा तो दात शिवशिवणारा आवाज, आणि पात्याखालून सुटलेला ठिणग्यांचा पिसारा. कापणाऱ्याच्या उघड्या मनगटावर ठिणग्या पडत होत्या आणि हा गृहस्थ शेजारच्याशी गप्पा मारतोय! मी वरून ओरडणारच होते, पण त्याला काही होतच नव्हतं.

ठिणगी म्हणजे हवेत जळणारा लोखंडाचा कण. तापमान हजार अंशांच्या वर, पण जीव एवढासा, की सगळी उष्णता गोळा केली तरी कातडीला धड चटका बसायचा नाही.

लहानपणी आम्ही पांघरुणात शिरून गारगोट्या घासायचो. दोन पांढऱ्या गारगोट्या जोरात घासल्या की दगडाच्या पोटातच पिवळसर उजेड चमकून जायचा, आणि मग तो वास. करपट, थोडा झोंबरा. मला तो अजून आवडतो. कापूस पेटवायचे उद्योगही झाले. कापूस काही बधला नाही. बधणार कसा? चकमकीची, म्हणजे पोलादावर गार घासून काढलेली, ठिणगी मुळी दगडाची नसतेच. गार नुसती खरवडते, जळतं ते पोलादाचं लोखंड. आदिमानवाने गारगोटीवर गारगोटी घासून आग काढली, असं कुणी सांगू लागलं की मला राहवत नाही. पायराइट लागतो हो त्याला, लोखंड आणि गंधकाचा दगड! पण ऐकतंय कोण.

पेट्रोलचे नखरे आणखी वेगळे. द्रव पेट्रोल जळत नाही, जळते त्याची वाफ. तीसुद्धा हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच. कमी पडली तर पेटणार नाही, जास्त झाली तरी नाही. मात्र प्रमाण एकदा जुळलं की पाव मिलिज्यूल ऊर्जेची, म्हणजे अगदी क्षुल्लक, ठिणगी पुरते. हायड्रोजनचं तर त्याच्या दहाव्या हिश्शातही भागतं. कोरड्या हवेत दाराच्या मुठीला हात लावताच बोटाला जो झटका बसतो ना, तो याहून मोठा असतो. म्हणजे आपण सगळेच खिशात आगपेटी नसतानाही पेटवायची सोय घेऊन हिंडत असतो. मला हे कळल्यापासून गाडीत पेट्रोल भरताना मी आधी उगाच एखाद्या लोखंडी वस्तूला हात लावून घेते. घरचे हसतात.

बॅटरीवाल्या व्होल्टाला याची भारी मौज वाटायची. दलदलीतून गोळा केलेला वायू तो हवेबरोबर भांड्यात कोंडायचा, विजेची ठिणगी पाडायचा, की बूच फाडकन उडायचं. ही १७७७च्या आसपासची गोष्ट, बॅटरी अजून व्हायची होती. आज पेट्रोलच्या गाडीतला स्पार्क प्लग मिलिमीटरभर फटीत तेच करत बसलेला असतो, पण त्याच्याकडे कुणी मौज म्हणून बघत नाही.

दलदलीतला तो वायू म्हणजे मिथेन. कोळशाच्या खाणीतही तोच साठतो. तिथे मेणबत्ती न्यायची सोय नाही, म्हणून अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये एक यंत्र निघालं. पोलादी चाक हाताने फिरवायचं, त्यावर गारेचा तुकडा टेकवायचा, आणि उडणाऱ्या ठिणग्यांच्या उजेडात बाकीच्यांनी कोळसा खणायचा. वायूने भरलेल्या खाणीत! ठिणगी दुबळी, ती काय पेटवणार, असा हिशोब. बरेचदा तो बरोबर निघे, कधी निघत नसे. ज्योतीभोवती बारीक जाळी असलेला, खाणीत सुरक्षित नेता येईल असा हम्फ्री डेव्हीचा दिवा आला तो १८१५ साली.

वायू वाढला की ठिणग्यांचा रंग बदलतो, आणि चाकवाल्याला तो ओळखता यायचा म्हणतात. रंग बदललेला दिसल्यावर तो काय करत असेल? चाक थांबवावं, तर त्या सगळ्यांना बाहेरची वाट दिसणार कशी?